‘जी’ म्हणजे ‘होय’ नव्हे

वर्गात मी विचारते, “समजलं का?” सगळी पोरं एका सुरात ओरडतात, “हो मॅडम!” मग एकाला उभं करून विचारावं, तर तो छताकडे बघतो.

आमच्या उर्दूत ‘जी’ हा मोठा गोड शब्द आहे. ऐकलं तरी जी, पटलं तरी जी, कळलं नाही तरी ‘जी?’. घरात हे खपून जातं, विमानात नाही. वैमानिक ‘रॉजर’ म्हणतो तेव्हा सिनेमे पाहून आपल्याला वाटतं, तो ‘हो’ म्हणाला. त्याचा अर्थ फक्त निरोप पोचला, एवढाच. म्हणून उंची किंवा उड्डाणाची परवानगी दिली, की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि खालच्या नियंत्रकाने ती तपासायची, असा नियम आहे.

तरीही १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली आणि ३४९ माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानात आखातात कामाला जाणारे खूप होते. आमच्याकडे घरटी एखादा माणूस तिकडे, त्यामुळे ती बातमी परक्याची वाटली नाही.

सौदी विमानाला १४ हजार फुटांची परवानगी होती, समोरून येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजारांची. कझाक विमानातून १५ हजारांवर पोचल्याचं कळवलंही गेलं. विमान मात्र खाली येतच राहिलं. रेडिओवर बोलणारा वेगळा होता, विमान चालवणारे वेगळे. बोलणाऱ्यासमोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्रही नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागे. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष कझाक वैमानिकांवर आला. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं, हेही नोंदलं गेलं. ते खरंच. पण ‘इंग्रजी कच्चं’ म्हणून फाईल बंद करणं मला पटत नाही.

१९७७ साली टेनेरिफच्या धुक्यात ५८३ माणसं गेली. डच कॅप्टन ज्येष्ठ, अनुभवी. परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान पळवलं. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, अशी शंका त्याच्याच फ्लाइट इंजिनियरने काढली. कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. त्यावर पुन्हा विचारायला कुणी धजलं नाही.

हा अदब आपल्या ओळखीचा आहे. मोठ्यांना दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे उद्धटपणा!

पालक येतात, म्हणतात, मुलाला फाडफाड इंग्रजी येऊ द्या. जरूर येऊ दे. पण २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिकांची आणि नियंत्रकांची जी भाषापरीक्षा लागते, तिच्यात गैरसमज झालाय असं वाटल्यास विचारून खात्री करून घेता येते का, हेही पाहतात. हे आम्ही कुठे शिकवतो? जो पोरगा “मॅडम, परत सांगा” म्हणतो, त्याला वर्ग हसतो, आणि कधीकधी, खोटं कशाला बोलू, मीही वैतागते.

परवा मुख्याध्यापकांनी कसल्याशा ऑनलाइन माहितीबद्दल भराभर सांगितलं. मी “जी सर” म्हणाले आणि बाहेर येऊन क्लार्कला विचारलं, “भाऊ, नक्की काय भरायचंय?”