वारसाफेरी चाळीच्या खोलीत का शिरत नाही?

१/ मुंबईत वारसाफेरी म्हटले की गिरगावची खोताची वाडी किंवा शिवाजी पार्कच्या आर्ट डेको इमारती आठवतात. प्रभादेवीच्या राहत्या घरांवरून अशी फेरी क्वचितच निघते. ती निघावी आणि दर्शनी भिंतीपाशी न थांबता खोलीच्या आत शिरावी, असे माझे मत आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ प्रभादेवीचे १८०१ मधील सिद्धिविनायक मंदिर सर्वांना ठाऊक असते. याच परिसराची पूर्वेकडील बाजू मात्र परळच्या गिरण्यांना भिडते. येथील स्थानक २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन या गव्हर्नरच्या नावाने ओळखले जाई. गव्हर्नर फलकावर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तेथे रोज उतरणाऱ्या कामगाराचे घर कोणत्याच फलकावर आले नाही.

३/ ते घर कसे घडले? १८९६ मध्ये प्लेग आला आणि दाट वस्तीचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपले 'बीडीडी', उभे राहिले.

४/ उद्दिष्ट ५०,००० खोल्यांचे होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत, प्रभादेवीहून पायी गाठता येतील अशा अंतरावर. तळमजला अधिक तीन मजले, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फूट.

५/ आता खरा प्रश्न. घरांची एवढी टंचाई असताना वरळीच्या अनेक चाळी सुरुवातीची कित्येक वर्षे रिकाम्या का राहिल्या? बाहेरून पाहणाऱ्यास भक्कम काँक्रीट दिसते. उत्तर आत आहे: मधून जाणारा अंधारा व्हरांडा, दोन्ही बाजूंस खोल्या, मजल्यावर सामाईक शौचालये. शिवाय न परवडणारे भाडे, आणि बाजार व गिरणी दूर.

६/ म्हणजे ज्याच्यासाठी घर बांधले त्याला कोणी विचारले नव्हते. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने यांतल्याच काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर केला. या वास्तूवर याहून बोलकी टीका दुसरी नसावी.

७/ तरीही माणसांनी या खोल्यांचे घर केले. कोकणातील एकेका गावाच्या मंडळाने गिरणगावात सामाईक खोल्या घेतल्या. पाळी संपवून एक जण आला की दुसरा उठून कामावर जाई. बायकांनी खानावळी चालवल्या; त्यांचीच संघटना म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. यांतले काहीही दर्शनी भिंतीवर वाचता येत नाही.

८/ यावर एक आक्षेप येतो: हे दारिद्र्याचे पर्यटन नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच फेरी लहान असावी, रहिवाशांच्या संमतीने निघावी, बोलणारे तेच असावेत आणि कोणाच्या संसाराकडे कॅमेरा रोखला जाऊ नये.

९/ दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चाळ 'जपा' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. वरळी बीडीडीच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. ज्याने तीन पिढ्या शौचालयाच्या रांगेत काढल्या, त्याच्या आनंदावर आपल्या स्मरणरंजनाचे विरजण घालू नये.

१०/ मात्र भिंती जातात तेव्हा साक्षही जाते, आणि ती वाचवणे आपल्या हाती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला. त्यालगतच्या लक्ष्मी निवास आणि हाजी नूरानी या इमारतींच्या रहिवाशांनी पुनर्वसन याच परिसरात व्हावे असा आग्रह धरला. पुलाची छायाचित्रे भरपूर निघाली. त्या घरांतील खोल्यांचे नकाशे किती जणांनी काढले?

११/ वाट नवी नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा इतिहास तिथल्याच माणसांच्या तोंडून नोंदवला आहे. आपण फक्त खोलीच्या मापाने पुढे जायचे: मोरी कुठे, पोटमाळा कुठे, रात्री कोण कुठे निजे, भाडेपावती कोणाच्या नावे.

१२/ तुमच्या घरी चाळीत राहिलेले आजी-आजोबा असतील, तर या रविवारी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि खोलीचा नकाशा काढायला सांगा. काढताना ते जे बोलतील ते तारीख घालून लिहून ठेवा. प्रभादेवीची वारसाफेरी तिथूनच सुरू होईल. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत.