हुतात्म्यांची नावे आणि मागे उरलेल्यांचे मौन

सत्ता प्रथम माणसे मारते, आणि मग त्यांच्या मरणाला काय म्हणावयाचे हेही आपणच ठरवू पाहते. दक्षिण कोरियातील ग्वांगजू शहराने हे दोन्ही सोसले. १७ मे १९८० रोजी चुन दू-ह्वान यांच्या गटाने लष्करी कायदा देशभर लागू केला. दुसऱ्याच दिवशी ग्वांगजूचे विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि २७ मेपर्यंत ते शहर रक्ताने न्हाले. राज्यकर्त्यांनी मात्र त्या लोकलढ्याला दंगल ठरविले!

त्याच शहरात जन्मलेल्या हान कांग यांनी २०१४ साली या हत्याकांडावर कादंबरी प्रसिद्ध केली. २०२४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या कादंबरीतील दोंग-हो हा शाळकरी मुलगा मित्राला शोधता शोधता प्रेतांची राखण करू लागतो. ज्यांना सैन्यानेच मारले त्यांच्या शवपेट्यांवर राष्ट्रध्वज कशासाठी, असे तो विचारतो. मित्राला गोळी लागली तेव्हा आपण पळालो, ही टोचणी त्याला सोडीत नाही. पुढे छळ सोसलेला कैदी येतो, चौकशीत थपडा खाल्लेली संपादिका येते, मुलाची आई येते. आघात एकच, परंतु प्रत्येकाची जखम निराळी.

आमच्या मते कादंबरीचे मर्म येथेच आहे. समूहाला आपली जखम अभिमानाने सांगता येते. एकट्या माणसाला ती बहुधा लपवावी लागते.

सीमाभागाला हे परके नाही. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांना बेळगाव दरवर्षी अभिवादन करते, आणि ते केलेच पाहिजे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातही आमची माणसे पडली. परंतु जे वाचले, भ्याले, गप्प राहिले, त्यांचे काय? हुतात्म्यांची नावे स्तंभ जपतो. उरलेल्यांचे मन जपण्याचे काम कादंबरीचे आहे. ती चळवळीलाही अवघड प्रश्न विचारील. विचारू द्या! प्रश्नांना भिणारी चळवळ सत्तेचाच कित्ता गिरविते.

१९८६ चे साक्षीदार अजून आमच्यात आहेत. सीमाभागातील तरुण लेखकहो, त्यांच्यापाशी जाऊन बसा. भाषणे नकोत, त्यांचे बोलणे ऐका. भाषेसाठी ज्यांनी सोसले त्यांचे दुःखच जर त्या भाषेत उतरले नाही, तर ती भाषा आम्ही मागतो तरी कशासाठी?