लिलावाचा हातोडा आणि पिस्तुलाचा घोडा : किंमत म्हणजे कस नव्हे

#धागा #शस्त्रेतिहास

१/ जुलै २०२४. फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे पिस्तुलांची एक जोडी लिलावात १६ लाख ९० हजार युरोंना विकली गेली. पॅरिसचा कारागीर लुई-मारँ गोसे याने घडवलेली, सोन्याचांदीने मढवलेली ही जोडी नेपोलियनची. बातमी येताच समाजमाध्यमांवरील ‘जगातील सर्वश्रेष्ठ पिस्तुले’ या छापाच्या याद्यांत तिला मानाचे पान मिळाले.

२/ तिची ख्याती कशात आहे? एप्रिल १८१४ मध्ये पदत्यागाच्या सुमारास नेपोलियनच्या मनात आत्महत्येचे विचार घोळत होते. तेव्हा त्याचा विश्वासू कोलँकूर याने या पिस्तुलांतील दारूच काढून घेतली. सम्राटाने मग विष घेतले, तेही उलटून पडले आणि तो वाचला. पुढे ही जोडी त्याने कोलँकूरलाच दिली. थोडक्यात, ही पिस्तुले झडली म्हणून नव्हे, तर झडली नाहीत म्हणून प्रसिद्ध आहेत.

३/ कथा विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात पिस्तुलाचा पिस्तूल म्हणून संबंध किती? घोडा किती चपळाईने पडतो, नळी किती सरळ आहे, दस्ता मुठीत कसा बसतो, यांविषयी त्या लाखो युरोंतून एक अक्षरही कळत नाही. लिलावातील किंमत म्हणजे शस्त्राचा दर्जा, हा इतिहासप्रेमींत रुजलेला एक आळशी भ्रम आहे. त्याचाच हा समाचार.

४/ दुसरे उदाहरण. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९ लाख ८६ हजार डॉलरना गेलेली जोडी. लाफायेतने ती जॉर्ज वॉशिंग्टनला दिली होती. पुढे ती अँड्र्यू जॅक्सनकडे गेली. एका वस्तूभोवती तीन थोर नावे! चौथे नाव मात्र क्वचितच कोणी उच्चारतो : सारब्रुकनचा जेकब वाल्स्टर. ज्याने ती घडवली तो.

५/ तिसरे उदाहरण. व्हर्सायच्या निकोला-नोएल बूतेने घडवलेली आणि लाफायेतने सिमॉन बोलिव्हारला पाठवलेली जोडी २०१६ मध्ये सुमारे १८ लाख डॉलरना गेली. त्याच बूतेची, त्याच शिक्क्याची, पण अप्रसिद्ध धन्याची जोडी याच्या अंशभर किमतीत मिळते. नळी त्याच कारखान्याची, नक्षी त्याच घराण्याची. फरक एवढाच की, दस्त्यावरून फिरलेला हात निराळा.

६/ मग १८०० च्या सुमारास लंडनमध्ये पिस्तुलांची जोडी बनवून घेणारा गिऱ्हाईक काय पाहत असे? त्यासाठी द्वंद्वाची रीत समजून घेतली पाहिजे. अंतर बहुधा दहा-बारा पावलांचे. इशारा होताच हात उचलायचा आणि चाप ओढायचा. निवांत नेम धरणे हे सभ्य माणसाला शोभत नसे. म्हणून हात वर येताच नळी आपसूक नजरेच्या रेषेत आली पाहिजे, ही पहिली कसोटी.

७/ दुसरी कसोटी वेळेची. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी पट्टीवर आदळते. ठिणग्या रंजकाच्या वाटीत पडतात. तिथला भडका बारीक छिद्रातून नळीतील दारूपर्यंत जातो, आणि मगच गोळी सुटते. चाप ओढणे व गोळी सुटणे यांत जो निमिष जातो, तेवढ्यात मनगट हलते. त्या काळच्या अव्वल कारागिराचे सारे कौशल्य या निमिषाशी झुंजण्यात खर्ची पडत असे.

८/ ती झुंज कशी? पट्टीची स्प्रिंग अडखळू नये म्हणून तिथे इवलेसे चाक बसवत. घोड्याच्या मुख्य स्प्रिंगला घर्षण होऊ नये म्हणून जोडकडी घालत. रंजकाच्या छिद्राला सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे अस्तर देत, कारण दारूच्या क्षारांनी लोखंड झिजते, हे धातू झिजत नाहीत. हेन्री नॉकने १७८७ मध्ये नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचे पेटंट घेतले. तिच्यामुळे दारू अधिक झपाट्याने पेटू लागली.

९/ येथील सोन्याचे स्थान लक्षात घ्यावे. ते मिरवण्यासाठी नाही. रंजकाच्या छिद्रात, जेमतेम दिसेल न दिसेल अशा जागी ते बसवलेले आहे. बाहेरून हे पिस्तूल साधे, जवळपास रुक्ष दिसते : अक्रोडाचा दस्ता, जाड अष्टकोनी नळी, आणि उन्हात चमकून नजर दिपू नये म्हणून तिला दिलेला तपकिरी रंग. कस सगळा आत दडलेला. छायाचित्रांच्या यादीत तो दिसणार कसा?

१०/ रॉबर्ट वॉग्डन, मूळचा स्वित्झर्लंडचा डर्स एग, जॉन मँटन आणि त्याचा धाकटा भाऊ जोसेफ मँटन ही या परंपरेतील मोठी नावे. जोसेफच्या डेव्हिस स्ट्रीटवरील नेमबाजीच्या दालनात लॉर्ड बायरन नियमाने जात असे. लखोटे बंद करण्याच्या बारीक टिकल्या हे तिथले लक्ष्य. गिऱ्हाईक पिस्तुलाचा दर्जा असा पारखत असे. टिकली फुटली की पिस्तूल चांगले, नाहीतर नाही.

११/ नळीच्या मजबुतीसाठी आणखी एक दाखला होता. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ पासून राजसनद होती. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी झाडून पाहायची आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवायचा, ही तिथली रीत. बर्मिंगहॅमला असेच परीक्षागृह १८१३ मध्ये मिळाले. हा शिक्का नेमबाजीची हमी देत नाही, पण नळी हातात फुटणार नाही एवढे सांगतो.

१२/ आता दुसऱ्या भ्रमाकडे. याद्यांना हसणारे जाणकारही एका सोप्या सूत्रात अडकतात : इंग्रजी पिस्तूल साधे म्हणून अस्सल, फ्रेंच पिस्तूल नक्षीदार म्हणून दिखाऊ. हे सूत्र तितकेच पोकळ आहे. किमतीवरून दर्जा ठरत नाही, तसा साधेपणावरूनही ठरत नाही.

१३/ बूतेचीच पिस्तुले पाहा. दस्त्यावर सोन्याचांदीचे काम, आणि नळीच्या आत केसासारख्या बारीक अशा पुष्कळ पेचदार खाचा. अशा खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिचा मार्ग स्थिर राहतो. इंग्लंडमध्ये मात्र द्वंद्वासाठी गुळगुळीत नळी हाच शिष्टाचार. तिथले काही कारागीर नळीच्या तोंडाशी येण्यापूर्वीच संपणाऱ्या, बाहेरून न दिसणाऱ्या खाचा गुपचूप पाडत. नेमाचा निकष लावला तर नटवे पिस्तूल साध्याला मागे टाकते.

१४/ शिवाय बूतेच्या कारखान्याला राज्याचा आश्रय होता. सेनानींना सन्मानादाखल आणि परक्या दरबारांना भेटीदाखल द्यायची शस्त्रे तिथे घडत. अशा शस्त्रात नक्षी हे कामाचेच अंग असते, कारण ते शस्त्र देणाऱ्याचे वैभव बोलून दाखवण्यासाठीच घडवलेले असते. ज्या कामासाठी वस्तू घडली, त्या कामाच्या कसोटीवर ती घासावी. द्वंद्वाच्या पिस्तुलाला दरबारी भेटीचा गज लावणे अन्याय्य, आणि उलट करणेही तितकेच.

१५/ हा वाद केवळ संग्राहकांचा नाही. कारागिरीचे अज्ञान इतिहासाचा निवाडाही बिघडवते. ११ जुलै १८०४ रोजी वीहॉकन येथे ॲरन बरच्या गोळीने अलेक्झांडर हॅमिल्टन जखमी झाला व दुसऱ्या दिवशी वारला. पिस्तुले ‘वॉग्डन अँड बार्टन’ यांची, हॅमिल्टनचा नातलग जॉन बार्कर चर्च याच्या मालकीची. १९७६ च्या सुमारास त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत ‘हलका चाप’ आढळला. ही कळ चढवली की किंचित स्पर्शानेही पिस्तूल झडते.

१६/ लगेच सनसनाटी निष्कर्ष निघाला : हॅमिल्टनने गुप्त कळ वापरून फसवणूक करू पाहिली आणि तीच त्याच्यावर उलटली! परंतु लंडनच्या उंची द्वंद्व-पिस्तुलांत हलका चाप ही त्या काळी परिचित सोय होती. हॅमिल्टनचा साथीदार पेंडलटन याने नोंदवून ठेवले आहे की, ती कळ चढवू का, असे त्याने विचारले होते, आणि हॅमिल्टनने ‘या वेळी नको’ अशा अर्थाचे उत्तर दिले होते. जी कळ विचारून चढवली जाते, ती गुप्त कसली?

१७/ वॉग्डनच्या हस्तकौशल्याचा एक साधा विशेष अशा रीतीने कटकारस्थान बनला. कारण कारस्थान विकले जाते. शस्त्र कसे चालते हे ठाऊक नसलेला अभ्यासक त्या शस्त्राने घडलेल्या घटनेवर निकाल देतो, तेव्हा एका मृत माणसाच्या चारित्र्यावर विनाकारण डाग पडतो. नुकसान एवढे खरे आहे.

१८/ बाजाराचा उफराटा न्याय आणखी एका ठिकाणी दिसतो. चकमकीचा जमाना सरून स्फोटक टोपीचा आला, तेव्हा अनेक मालकांनी आपली जुनी उत्तम पिस्तुले टाकून न देता टोपीवर चालतील अशी बदलून घेतली. नळी आणि आतली कळ इतकी चांगली होती की ती मोडीत काढणे कोणाला परवडेना. दर्जाचा याहून बोलका पुरावा कोणता? आज मात्र अशा बदललेल्या पिस्तुलाची किंमत घसरते, आणि पेटीत निजून राहिलेल्या, कधी न वापरलेल्या जोडीला चढा भाव येतो.

१९/ आणखी एक गोष्ट याद्या लपवतात. कळेवर कोरलेले नाव म्हणजे घडवणारा हात नव्हे. नळी ओढणारा वेगळा, कळ कानशीने घासणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा. कच्चे भाग पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या परिसरातून येत आणि लंडनला पूर्णत्वास जात. पेढीच्या मालकाचे खरे श्रेय निवडीत, जुळणीत आणि नाकारण्यात. कोणता भाग परत पाठवायचा हे ज्याला कळे, तो मोठा.

२०/ या कसोटीवर जोसेफ मँटन अद्वितीय ठरतो. त्याच्या हाताखालून निघालेल्या जेम्स पर्डीने पुढे स्वतःची पेढी थाटली, आणि लंडनच्या बंदूककारांच्या पुढच्या पिढीतील कित्येक नावे याच दुकानाशी जोडलेली सापडतात. मँटन हे नाव कलकत्त्याच्या पेढीवरही झळकले. स्वतः जोसेफ मात्र पेटंटच्या कज्ज्यांत पोळला, १८२६ मध्ये दिवाळखोर ठरला आणि १८३५ मध्ये वारला. बाजाराचा निकाल हाच दर्जाचा निकाल असता, तर मँटन सामान्य कारागीर ठरला असता.

२१/ यावर आक्षेप ठरलेला : “अखेर मूल्य बाजारच ठरवतो ना?” ठरवतो, अवश्य ठरवतो. प्रश्न एवढाच की कशाचे? हातोडा पडतो तेव्हा एक कथा, एक दुर्मिळता आणि दोन धनिकांची ईर्ष्या यांचे मोल ठरते. तेही मोल खरेच आहे. नेपोलियनची जोडी फ्रान्सने राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर जाण्यापासून रोखली, ते योग्यच झाले. आक्षेप किमतीला नाही. किमतीला ‘श्रेष्ठ’ म्हणण्याला आहे.

२२/ म्हणून दोन पिस्तुलांची तुलना करताना विचारायचे प्रश्न : ते कशासाठी घडले? नळी आतून कशी आहे? कळ किती वेगाने व किती निर्विघ्न चालते? हातात तोल कुठे पडतो? परीक्षेचा शिक्का आहे का? ते वापरले गेले, दुरुस्त झाले की नुसते जपले गेले? आणि सर्वांत शेवटी : ते कोणाचे होते? आजच्या याद्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

२३/ मराठी वाचकाला हे परके वाटू नये. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघूजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना परत मिळवली. आनंद रास्त होता. पण त्या गदारोळात तलवारीचे पाते युरोपीय आहे, ही बाब किती जणांनी थांबून पाहिली? मराठ्यांच्या शस्त्रागारात अशा तलवारीला ‘फिरंग’ असे स्वतंत्र नाव होते. पाते परदेशी पोलादाचे, मूठ इथल्या रिवाजाची.

२४/ म्हणजे ज्यांना त्या शस्त्रानिशी रणात उतरायचे होते, ते पाते वेगळे पारखत आणि मूठ वेगळी. नावाला भुलण्याची चैन त्यांना परवडत नव्हती. संग्रहालयाच्या काचेपलीकडून पाहणाऱ्याला ती परवडते, म्हणूनच तो भुलतो. पुढच्या वेळी ‘इतक्या कोटींचे पिस्तूल’ असे चित्र समोर आले, तर धन्याचे नाव क्षणभर झाकावे आणि नळीवर कोणाचे नाव कोरले आहे ते वाचावे. शस्त्राचा इतिहास तिथून सुरू होतो.

(समाप्त)