मौनानंतर काय?

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका खाजगी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालके मृत्युमुखी पडली. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि माडीवरच्या वर्गांत पसरली. जिना अरुंद होता. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा दाटीवाटीने भरत होत्या, आणि त्यांना मान्यता सरकारचीच होती.

असे काही विपरीत घडले की लोकप्रतिनिधी सभागृहात शोक व्यक्त करतात, उभे राहून मौन पाळतात आणि खाली बसतात. त्या मौनाविषयी माझी तक्रार नाही. मृतांसाठी क्षणभर थांबणे आम्हा धर्मगुरूंना तरी परके नाही. तक्रार आहे ती खाली बसल्यानंतर जे होते, किंबहुना होत नाही, त्याविषयी.

ऑगस्ट २००९ मध्ये संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संमत केला. कायदा थोर आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीविषयी जी यादी दिली आहे, ती वाचकांनी एकदा सवडीने वाचावी. सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत हवी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हवीत, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, कुंपण हवे. मध्यान्ह भोजन शिजविण्यासाठी स्वयंपाकघरही हवे. आगीविषयी मात्र एक अक्षर नाही! चूल आवश्यक ठरविताना तिच्या शेजारी पाण्याची बादली असावी, एवढेही कोणाला सुचू नये? बरे, अज्ञानाची सबबही येथे चालणार नाही. अवघ्या चार महिन्यांपूर्वी, १३ एप्रिल २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कुंभकोणमच्याच संदर्भात निकाल दिला होता. सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे सांगून न्यायालयाने शाळांत अग्निशामक साधने बसविण्याचा व कर्मचाऱ्यांना ती वापरण्यास शिकविण्याचा आदेश दिला होता.

आणि 'सर्व ऋतूंत टिकेल' त्या इमारतीचे काय झाले? २५ जुलै २०२५ रोजी, ऐन पावसाळ्यात, राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत कोसळले आणि सात मुले दगावली. संसदेचे अधिवेशन चालू होते. दुसऱ्याच दिवशी देशभरातील शाळांच्या तपासणीचे फर्मान निघाले. छप्पर तपासण्यासाठी आधी मुलांनी मरावे लागते, हा कोणता राज्यकारभार?

आता थोडे आपल्या अंगणात. २०१४ मध्ये घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना हायसे वाटले. मलाही वाटले. परंतु घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा चालविण्याचा हक्क दिला आहे. मागच्या दाराला कुलूप लावून ठेवण्याचा नव्हे. न्यायालयाचा २००९ चा आदेश सरकारी शाळा आणि खाजगी शाळा असा भेद करीत नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक माझ्याकडे चिठ्ठी मागण्यास येतात. माध्यम विचारतात, दहावीचा निकाल विचारतात, देणगीचा आकडा तर हलक्या आवाजात हमखास विचारतात. जिन्याची रुंदी विचारणारा पालक मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही.

पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना जरूर विचारा: अग्निशामक नळकांडे शेवटचे कधी भरले, आणि ते चालविता कोणाला येते? मते मागण्यास दारी येणाऱ्या उमेदवारालाही गावच्या सरकारी शाळेबद्दल हेच विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत त्याला पायरीवरच उभा ठेवा.