वाट विसरलेला इतिहास

बुलडाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आमच्यापुढे लढायांची यादी ठेवली जाते. ती वाचून कुणी ‘हिंदूंचा इतिहास’ आणि ‘मुसलमानांचा इतिहास’ अशी वाटणी करू लागला, की आम्ही त्याला मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची आठवण देतो. १४३७ साली तिथे बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नसीर खान फारुकीला हरवले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथेच बुऱ्हाण निजामशहाने जमाल खानाचा पाडाव केला. १७२४ साली साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कशी लढताना मुबारिज खान मारला गेला. दोन्ही बाजूंचे सेनापती मुसलमानच. मग जिंकला कोणता धर्म?

रोहिणखेडला लढाया झाल्या, कारण वाट तिथून होती. गाव घाटाच्या पायथ्याशी. खानदेशातून पठारावर चढणाऱ्याला ते ओलांडावेच लागे. पुढे वाटच बदलली. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव असे सपाटीचे टप्पे घेत १८६७ साली नागपूरला पोहोचली. कापसासाठी १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. घाटावरचे चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा मात्र रुळांविना राहिले. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. कोणते गाव वाढले आणि कोणते मागे पडले, याचा हिशेब देवळा-मशिदींपेक्षा या वाटांना विचारावा.

पण विचारणार कोण? रोहिणखेडला खुदावंद खानाने १५८२ साली बांधलेली लहानशी, देखणी मशीद आहे. तिच्यावर मराठीत किती लिहिले गेले? त्या काळच्या वास्तूंवरचे लेख बहुधा अरबी-फारसीत असतात आणि आमची पुष्कळ मुले मराठी शाळेत शिकतात. वाचणारा उरला नाही की दगड मुका होतो. मुक्या दगडाच्या तोंडी कुणीही हवे ते घालतो. कुणी त्याला परका ठरवतो, तर आमच्यातलाच कुणी कोरीव कमानीवर ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणतो. दोघेही पुसण्याचेच काम करतात.

सरकारी फलकाची वाट पाहत बसणे आम्हांला मान्य नाही. गावोगावचे लेख जाणकारांकडून वाचून घ्यावेत, ते मराठीत उतरवावेत, जुन्या वेशी, घाट, सराया यांची नोंद शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावी. मराठी आमचीही भाषा आहे. या मातीवरचा हक्क भाषणात मागून मिळत नाही. तो याच भाषेत लिहून सिद्ध करावा लागतो.