कोळगावहून पाड्यावर

पालघर जिल्ह्याचं मुख्यालय कोळगावात. इथून नेमणुकीचा कागद घेऊन नवे गुरुजी, नव्या बाई जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पोचतात. पहिले प्रश्न साधेच: भाड्याची खोली कुठे, रेंज कुठे, शेवटची एसटी कितीला? मग कळतं, पोरं वारली बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठी. शाळा आणि पाडा यांतलं हे अंतर जुनंच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 साली बोर्डीहून याच जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली! आजचे शिक्षक रुजू होताच बदलीचं बघतात, अशी ओरड आहे. असेल, पण धड खोली न देता त्यागाची अपेक्षा कशाला? पाड्यावर टिकलेल्या शिक्षकांनो, तुमचं पहिलं वर्ष आम्हाला जरूर लिहून कळवा.