न दिसणारा नट



गेल्या काही पालकसभांत एक सूचना पुन्हा पुन्हा पुढे आली : कार्यानुभवाचा तास बंद करावा आणि त्या वेळात गणित-विज्ञानाची जादा तयारी करून घ्यावी. त्यामागची काळजी मला समजते. तरीही माझे मत वेगळे आहे. ते एका विमानाच्या आधाराने मांडतो.

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याला ते हवेत गेले. बातम्यांत इंजिन आले, परवानग्या आल्या. पण घरी विमान बांधणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आणणारी एक बारीक गोष्ट बातमीत येत नाही. ती म्हणजे, हात पोचत नाही तिथला नट.

बोल्ट बाहेरून घालता येतो, पण पत्र्याच्या आत नट धरणार कोण? मग युक्त्या निघतात. पान्याच्या तोंडात ग्रीस लावून नट चिकटवतात. वायसरला दोरा बांधून आत सोडतात. सुटला तर ओढून घेता येतो, बसला की दोरा काढून टाकतात. कोपऱ्यातले पाहायला छोटा आरसा लागतो. लोखंडी नट पडलाच तर चुंबकाच्या काडीने उचलतात, कारण आत राहिलेला नट उड्डाणात एखादा सांधा अडकवू शकतो. सर्वांत शहाणा उपाय मात्र आधीचा आहे : पत्रा बंद करण्यापूर्वीच नट आतून रिव्हेटने पक्का करून ठेवायचा. पुढे बाहेरून फक्त बोल्ट फिरवायचा. उद्याची अडचण आज ओळखणे, हेच खरे शिक्षण.

हे काम वरवर केले तर काय होते? १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच आकाशात निघून गेली. काच नुकतीच बदलली होती. नवे बोल्ट जुन्यांशी नुसत्या नजरेने जुळवले होते आणि ९० पैकी ८४ जाडीने किंचित कमी होते. कप्तान अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी धरून ठेवले म्हणून वाचले.

आपली मुले पेचाचे तत्त्व परीक्षेत बिनचूक लिहितात. पण आटे जुळण्याआधी जोर लावला तर आटे मरतात, हे बोटांनाच कळते. इंदुरात आपण पेचकस म्हणतो, पुण्याचे पाहुणे स्क्रू ड्रायव्हर म्हणतात; हातात धरल्याशिवाय दोन्ही शब्द पोकळच.

प्रवेशासाठी गुण लागतात हे मी नाकारत नाही. पण आठवड्यातला एक तास काढून गुण किती वाढतील? उलट धीर, मोजून पाहण्याची सवय आणि कोणी पाहत नसतानाही काम नीट करण्याची वृत्ती त्या तासाबरोबर जाईल. म्हणून तास बंद न करता तो सुधारावा असे मला वाटते. शिवणाची उलटी बाजू, स्विचबोर्डाच्या आतली वायर, खुर्चीच्या खालचा स्क्रू, यांनाही गुण द्यावेत. वर्षातून एकदा मुलांना सियागंजात नेऊन नट-बोल्टांचे प्रकार हाताळू द्यावेत.

आपल्यापैकी जे सुतारकाम, शिवण, वायरिंग किंवा फिटरचे काम जाणतात, त्यांनी महिन्यातून एक तास शाळेला द्यावा, ही विनंती. पुढच्या पालकसभेत या विषयावर निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी घरी मुलांच्या हातात एकदा पाना देऊन पाहा.

— प्राचार्य